टीचरच्या वीणेचं लाकूड

विशालाक्षी टीचर आम्हाला तंजावूरजवळच्या पापनाशमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत. मी आज जे काही आहे त्याचं पहिलं कारण त्या. या अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असं संपादकांनी कळवलं तेव्हा कुठून सुरुवात करायची याचा फार विचार करावा लागला नाही.

माझे वडील शिंपी. पापनाशमच्या बसस्टँडजवळ आमचं एका मशीनचं दुकान होतं. घरात आम्ही मराठी बोलतो, दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. आमच्या घरात तोवर कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं आणि बारावीनंतर मीही दुकानात बसायचं हे ठरल्यासारखंच होतं. एका संध्याकाळी टीचर ब्लाउजचं कापड घेऊन दुकानात आल्या. माप दिलं आणि जायच्या ऐवजी बाकावर बसल्या. मग पिशवीतून कॉलेजचा फॉर्म काढला. वडिलांनी विचारलं, बी.एस्सी. करून कुठली नोकरी लागते?

"ते मला सांगता येणार नाही," टीचर म्हणाल्या. "तुमचा मुलगा नीट मोजतो, एवढं मला माहीत आहे. नीट मोजणारी मुलं थोडी असतात."

दुसरं काहीही बोलल्या असत्या तर वडिलांनी नम्रपणे नकार दिला असता. पण त्यांचा सगळा जन्म गळ्यात टेप घालून गेला होता. त्यांनी फॉर्मवर सही केली. ब्लाउजची शिलाई घेतली नाही, त्यावरून टीचर रागावल्या, आणि शेवटी अर्धी घेतली.

प्रयोगशाळेत टीचरचे दोन नियम होते. पहिला, हाती आलेला पदार्थ सगळा एकदम वापरायचा नाही, अर्धा बाजूला ठेवायचा. दुसरा, वहीत जे दिसलं ते लिहायचं, पुस्तकात आहे ते नाही. एकदा माझं टायट्रेशनचं उत्तर चुकतंय असं वाटून मी शेजारच्याचा आकडा उतरवला. आकडा बरोबर होता. टीचरनी लाल शाईने त्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'हे तू पाहिलेलं नाहीस.' ती वही अजून माझ्याकडे आहे.

आता कामाबद्दल. लाकूड कातणारा कातारी लेथवर पेन, पेटी, वाटी, बाहुली कातायला घेतो तेव्हा त्याला आधी चौकोनी ठोकळा लागतो. धंद्यात त्याला ब्लँक म्हणतात. पेनाचा ब्लँक म्हणजे वीतभर लांब आणि अंगठ्याहून थोडा जाड दांडा. पूर्वी तो नुसत्या लाकडाचा असे. आता त्यात रेझिनही असतं. मी तेच रेझिन रंगवून, साच्यात ओतून, घट्ट करून हे दांडे तयार करतो. पाकासारखं दाट द्रव्य एका बाटलीत, ते घट्ट करणारं हार्डनर दुसऱ्या बाटलीत. दोन्ही काट्यावर तोलून मिसळायचं, अभ्रकाची रंगीत पूड घालायची, हवा आत जाणार नाही अशा बेताने हळूहळू ढवळायचं आणि साच्यात ओतायचं. तो साचा प्रेशर पॉटमध्ये ठेवायचा. हा पॉट म्हणजे मोठा कुकरच, पण त्यात वाफेऐवजी कॉम्प्रेसरची हवा असते. त्या दाबाने बुडबुडे इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दांडा हाताला दगडासारखा लागतो. नवखा माणूस तिथेच फसतो. घट्ट होणं वेगळं आणि मुरणं वेगळं. लोणच्याची फोड वरून तयार दिसते, पण आतून कच्ची असते, तसंच हे. न मुरलेला दांडा लेथवर चढवला तर पटाशीखाली तो चिंगमसारखा ओढला जातो. म्हणून मी प्रत्येक दांडा आठवडाभर ठेवून देतो, त्यातला एक दिवस उबदार पेटीत. गिऱ्हाईक घाई करतं, मी करत नाही. म्हणजे, करत नाही असं मी लोकांना सांगत असे.

नागपट्टिणमच्या बाजूला मासेमारीच्या होड्या फायबरने मढवणारं एक वर्कशॉप आहे. मी रेझिन तिथे शिकलो. तंजावूरला स्वतःची शेड टाकली त्या पहिल्या वर्षी एका हॉटेलवाल्याने टेबलावर ठेवायला मोठा निळा ठोकळा मागितला. मी सगळं रेझिन एका बादलीत कालवलं. दोन द्रव्यं एकत्र आली की उष्णता निघते आणि ढीग जितका मोठा तितकी ती आत कोंडते, हे मी कॉलेजात लिहून गुण मिळवले होते. बादली आधी कोमट झाली, मग हात लावू देईना, मग तिच्यातून पांढरा धूर निघाला. माझी बायको गिरिजा अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने मला बाहेर ओढलं आणि लांब बांबूने बादली ढकलत वाळूच्या ढिगावर नेली. थंड झाल्यावर आत तपकिरी, भेगा पडलेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गोळा निघाला. गिरिजाने तो दारात ठेवला. दार उघडं राहावं म्हणून अजून तोच लावतो. नवीन पाहुणा आला की ती सांगते, हा यांचा पहिला दागिना.

रंगाचं सांगायचं तर भांड्यात दिसतो तो रंग दांड्यात दिसत नाही आणि दांड्यात दिसतो तो पेनात दिसत नाही. पेनाच्या आत पितळी नळी असते. वरचं रेझिन कातून पातळ झालं की नळीचा पिवळेपणा आतून डोकावतो आणि निळा हिरवट होतो. म्हणून नळी आधी बाहेरून रंगवावी लागते. हे कळायला माझे बरेच दांडे गेले. एक निवृत्त बँक मॅनेजर आपल्या लग्नातल्या साडीचा रंग पेनात उतरवा म्हणून आले. साडी अरक्कु रंगाची. अरक्कु म्हणजे लाख. लाखेचा तो गडद, काळ्याकडे झुकणारा लाल. मी सात नमुने केले आणि सातही त्यांनी परत केले. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने साडी अंगणात उन्हात धरली आणि सावकाश म्हणाल्या, "यांना रंग कळत नाही. यांना हवी आहे ती साडी लग्नाच्या मंडपात पेट्रोमॅक्सखाली दिसली होती, तशी." मी नमुन्यात चिमूटभर सोनेरी अभ्रक वाढवलं. आठवा नमुना पास झाला. तेव्हापासून अरक्कु हा माझा हातखंडा रंग आहे, आणि याच रंगाने पुढे मला दगा दिला. दगा म्हणणं बरोबर नाही. मी त्याच्या आड काय आहे ते पाहिलं नाही.

दुसरे एक गृहस्थ परदेशातून आले होते. त्यांना पेनात कावेरीचं पाणी हवं होतं. पाणी आणि रेझिन एकत्र नांदत नाहीत हे मी त्यांना दोन कप कॉफी होईपर्यंत समजावलं. त्या वेळी मारिमुत्तु आसारी शेजारी बसला होता. त्या महिन्यात नदीत नुसती वाळू होती. तो म्हणाला, "सार, आधी ते कावेरीत येऊ दे. मग पेनात घालू." गृहस्थ हसले आणि वाळू घेऊन आले. त्या वाळूचं पेन फार छान झालं.

मारिमुत्तुची ओळख इथेच करून देतो. आसारी म्हणजे सुतार. त्याच्या घरी तीन पिढ्या वीणेच्या खुंट्या कातल्या जातात. तंजावूरची वीणा फणसाच्या लाकडाची. ती कोरणारे कारागीर वेगळे, खुंट्या कातणारा हा. माझे बरेचसे दांडे त्याच्याच लेथवर पेन होतात. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, तरी मला 'बी.एस्सी. सार', म्हणजे सर, म्हणतो, ते अर्थातच चिडवायला. रेझिनला तो खडीसाखर म्हणतो. त्याचं एक दुःख खरं आहे आणि ते माझ्यामुळे आहे. पूर्वी त्याच्या लेथखालचा भुसा शेजारपाजारचे चूल पेटवायला नेत. आता त्यात माझ्या रेझिनच्या रंगीत साली मिसळतात. तो भुसा जाळता येत नाही, शेळीखाली टाकता येत नाही. तो पोत्यात भरून ठेवतो आणि मी गेलो की पोत्याकडे बोट दाखवतो. पोतं मी घेऊन येतो. माझ्या शेडमागे अशी पुष्कळ पोती आहेत आणि त्यांचं काय करावं याचं उत्तर माझ्या बी.एस्सी.त नव्हतं.

या वर्षी आडी महिना, म्हणजे साधारण आपला आषाढ-श्रावण, लागायच्या जरा आधी टीचरचा फोन आला. त्या पापनाशमला एकट्या राहतात. डाव्या हाताची बोटं आखडल्यापासून त्यांची वीणा बंद झाली होती. तारा दाबता येत नाहीत. उजवा हात ठीक आहे, लिहितात, भाजी चिरतात. वीणा भिंतीला टेकवून ठेवली होती, तिला मागून वाळवी लागली. दाखवायला काढली तेव्हा भोपळा हातात भुसा होऊन आला. दांडीचा मात्र हातभर तुकडा शाबूत राहिला होता. तो घेऊन जा, म्हणाल्या.

मी पापनाशमला गेलो. टीचरनी तो तुकडा जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवला होता. फणसाचं लाकूड जुनं झालं की मधासारख्या रंगाचं होतं, तसं ते झालं होतं. ही वीणा त्यांच्या आईची. तिच्यावर त्या शिकल्या, पुढे त्यांची मुलगी शिकली.

"आडी संपली की मी कोइंबतूरला मुलीकडे जाणार, कायमची," त्या म्हणाल्या. आमच्याकडे आडीत कुणी घर बदलत नाही. "त्याच्या आत होईल का? याची तीन पेनं कर. एक मला, एक मुलीला."

"आणि तिसरं, टीचर?"

"तिसरं तुला. नाही तर तीन कशाला म्हणाले असते?"

मी तुकडा मांडीवर घेऊन बसने तंजावूरला परत आलो. वीणेची दांडी आतून पोकळ असते, त्यामुळे लाकडाची जाडी बोटभरसुद्धा नव्हती. नुसत्या लाकडाचं पेन होणार नव्हतं. लाकडाच्या पट्ट्या करून त्यांच्या भोवती रेझिन ओतायचं, म्हणजे दांडा पुरेसा जाड होईल. हे माझं रोजचं काम. रंग अरक्कु घ्यायचं ठरवलं. शाळेच्या वार्षिक दिवसाला टीचर त्याच रंगाची साडी नेसून वीणा वाजवत.

मी तीन पट्ट्या कापल्या, त्यातच सगळा तुकडा संपला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली हवा ओली, कालव्यांना पाणी सुटलेलं. लाकडात ओल राहिली तर रेझिन फेसाळतं, म्हणून पट्ट्या आधी ओव्हनमध्ये वाळवायच्या. वजन करायचं, पुन्हा ओव्हनमध्ये ठेवायच्या, पुन्हा वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं. मी ते सगळं केलं. दुसऱ्यांदा ओव्हन उघडला तेव्हा मधासारखा गोड वास आला. जुन्या फणसाचा असेल, असं मनात म्हटलं आणि वजन वहीत लिहिलं. वास लिहिला नाही.

मारिमुत्तु तेव्हा गावी गेला होता. आडीत त्यांच्या गावच्या मारियम्मन देवीचा उत्सव असतो, तो दहा-बारा दिवस परत येत नाही. तो येईपर्यंत दांडे मुरून तयार असले पाहिजेत, म्हणजे आडी संपायच्या आत पेनं होतील, असा मी हिशेब केला. तिन्ही पट्ट्या एकदमच साच्यात ठेवल्या. एक आधी करून पाहावी आणि दोन बाजूला ठेवाव्यात हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण वेळ नव्हता आणि हे काम मी हजारदा केलेलं होतं.

रेझिन ओतलं, पॉटचा दाब ठेवला, आठवडा मुरवलं. साच्यातून काढले तेव्हा तिन्ही दांडे बघत राहावे असे झाले होते. गडद अरक्कु, त्यात फणसाचा पिवळा पट्टा, आत सोनेरी झाक.

मारिमुत्तु आला त्या दिवशी सकाळी मी दांडे घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने पहिला लेथवर चढवला. कोपरे उतरेपर्यंत सगळं ठीक होतं. दांडा गोल होत आला आणि पट्टी रेझिनमधून सुटून फाटकन उडाली. तुकडे भिंतीवर आदळले. मारिमुत्तुने लेथ थांबवला. माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, एखाद्या वेळी होतं. दुसरा त्याने अगदी बेताने, कमी वेगावर घेतला. तोही सुटला. लाकूड तीन ठिकाणी चिरलं.

त्याने तिसऱ्याला हात लावला नाही. खालचा एक तुकडा उचलला, लाकडाच्या कडेला नख घासलं आणि नाकाशी नेलं.

"मेण," तो म्हणाला.

वीणेच्या दांडीवर पितळी पडदे असतात, ज्यांच्यावर तार दाबून सूर काढतात. ते पडदे खिळ्यांनी बसवत नाहीत. कोळशाची पूड घातलेल्या मेणाच्या थरात बसवतात. टीचरच्या तुकड्यावरचं मेण वरून खरवडलेलं होतं, पण पिढ्यान्‌पिढ्या ते लाकडात मुरलेलं होतं. मेणाला रेझिन धरत नाही, हे मला माहीत होतं. साच्याला चिकटू नये म्हणून मी स्वतः साच्यात मेण फिरवतो. वीणेत मेण असतं हेही मला माहीत होतं. तंजावूरमध्ये राहून ते कुणाला माहीत नसेल? या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी कधी बसल्याच नव्हत्या. त्यावर मी ओव्हनमध्ये ते मेण वितळवून लाकडात आणखी खोल घातलं. मधाचा वास तोच होता. पारदर्शक रेझिन ओतलं असतं तर सांध्यातली फट दिसली असती. अरक्कु रंगाने ती झाकली.

"मी असतो तर विचारलं असतंस?" मारिमुत्तुने विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही.

"बी.एस्सी. सार," तो म्हणाला, पण या वेळी चिडवायला नाही. बिडी पेटवून बाहेर जाऊन बसला.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले. मारिमुत्तुच्या घरामागे फणसाच्या लाकडाचे उरलेसुरले तुकडे नेहमी पडलेले असतात, काही चांगले जुने. मी त्यातला एक निवडला. तोच रंग, तीच रेघ. मेण नाही. आडीचे दिवस थोडे उरले होते म्हणून उबदार पेटीत जास्त वेळ ठेवून मुरवला. मारिमुत्तुला फक्त म्हटलं की हा एक दांडा कातून दे. त्याने लाकूड पाहिलं, ओळखलं, आणि कातून दिलं. मी केलेल्या पेनांमध्ये इतकं देखणं पेन दुसरं नसेल. असंच आणखी एक केलं की टीचरचं आणि मुलीचं काम झालं, माझं राहू दे, असं मी ठरवलं.

पेन डबीत घालून मी घरी ओट्यावर बसलो होतो. गिरिजाने येऊन बघितलं.

"टीचरचं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती शेजारी बसली. तिने पेन हातात घेऊन उघडलं, मिटलं.

"त्यांना कळेल का?"

"नाही. कुणालाच कळणार नाही."

"मग इतका वेळ डबी उघडी ठेवून काय बघत बसला आहात?"

ती उठून आत गेली. तिला वाद घालायची सवय नाही, बांबू लावून बादली ढकलायची आहे.

दुसऱ्या दिवशी तिसरा दांडा घेऊन मी पुन्हा मारिमुत्तुकडे गेलो. याचं काही करता येईल का, म्हटलं. त्याने तो बराच वेळ उलटासुलटा केला. मग आतून त्याच्या आजोबांचा हाताने चालवायचा लेथ काढला. दोरी ओढली की दांडा पुढे फिरतो, सोडली की मागे. त्यावर वेग असा नसतोच. तो पटाशी लावे, चार फेरे घेई, थांबे, बोटाने चाचपे. सांधा सुटायला लागला की तिथे लाखेची कांडी घासून फट भरी आणि वर सुती दोरा गुंडाळून थंड होईपर्यंत बसून राही. सकाळी बसलो होतो, दुपारचं जेवण तिथेच झालं, चार वाजले. तो दिवसभर एकदाही खडीसाखर म्हणाला नाही. बारीक करायला गेलं तर तुटेल म्हणून त्याने पेन जाडच ठेवलं. दोन ठिकाणी पितळेची कडी बसवली. जिथे मेण होतं तिथे लाकडाच्या कडेने एक काळी, वेडीवाकडी रेघ राहिली आणि त्या रेघेत बारीक खाचा आहेत. पडदे बसायचे त्या जागा.

त्याने मजुरी घेतली नाही. पोत्याकडे मात्र बोट दाखवलं. मी पोतं घेऊन आलो.

देखणं पेन माझ्या टेबलावर आहे. ते मी विकणार नाही आणि वापरणारही नाही. जाडं पेन मी पार्सल केलं आणि त्याबरोबर पत्र पाठवलं. पत्र तमिळमध्ये होतं. टीचरना देवनागरी वाचता येत नाही. पार्सल जाऊन चार दिवस झाले आहेत. इथे त्याचं मराठी करून देतो, कारण या धंद्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते त्यात आहे.

*

टीचरना नमस्कार.

तुम्ही शिकवलंत तसं प्रॅक्टिकलच्या वहीच्या पद्धतीने लिहितो. नाहीतर मला लिहिता येणार नाही.

उद्देश: वीणेच्या लाकडाची तीन पेनं करणे.

साहित्य: तुमच्या आईच्या वीणेच्या दांडीचा एक तुकडा. दुसरा नाही.

कृती: तिन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या. अर्धं बाजूला ठेवलं नाही.

निरीक्षण: वाळवताना मधासारखा वास आला. हे मी पाहिलं होतं, पण वहीत लिहिलं नाही. आज लिहितो आहे. तो वीणेच्या मेणाचा वास होता. मेणामुळे रेझिन धरलं नाही. दोन पेनांचं लाकूड लेथवर तुटलं. तुकडे मी जपून ठेवले आहेत, तुम्ही सांगाल तिथे पाठवीन.

फलित: एक पेन. जाड आहे. काळी रेघ दिसते ती घाण नाही, ती पडद्यांची जागा आहे. ते मारिमुत्तु आसारींनी हातलेथवर केलं, त्यात माझं कसब काही नाही.

तुटलेल्या दोनांपैकी एक माझा वाटा होता. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. दुसरा तुमच्या मुलीचा. तिला मी स्वतः फोन करून सांगेन, तुम्ही सांगू नका.

आणखी एक निरीक्षण आहे. मी दुसऱ्या लाकडाचं एक पेन करून घेतलं. ते हुबेहूब झालं आहे. ते तुम्हाला पाठवायचं असं मी ठरवलं होतं आणि एक संपूर्ण संध्याकाळ ते समोर ठेवून बसलो होतो. तुमच्या पद्धतीने सांगायचं तर तो शेजारच्याचा आकडा होता. बरोबर दिसणारा.

तुम्ही माझ्या वडिलांना सांगितलंत की मी नीट मोजतो. या वेळीही मी सगळं मोजलं, टीचर. विचारलं नाही. माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर ज्यांच्या घरात तीन पिढ्या वीणेचं काम चालतं त्यांना मी एक प्रश्न विचारला नाही, कारण ते गावी गेले होते आणि मला थांबायचं नव्हतं.

निष्कर्ष लिहिलेला नाही.

पेनात लाल शाई भरून पाठवतो आहे. हाच कागद तपासून परत पाठवावा ही विनंती.

तुमचा विद्यार्थी,
तुकोजी